नववीचा वर्ग आपल्याच शाळेत भरवा : खान्देशातील महापालिका आणि नगरपालिकांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मुख्याधिकारी, शिक्षण विभागाचे प्रशासन अधिकारी आणि सर्व नगरसेवक,
खान्देशातील महापालिका व नगरपालिका

सविनय नमस्कार.

१ मे रोजी झेंडावंदन होते आणि आपल्या शाळांत निकाल वाटला जातो. आठवीच्या मुलांना प्रगतिपुस्तकासोबत शाळा सोडल्याचा दाखलाही मिळतो. ज्या इमारतीत पहिलीपासून आठ वर्षे गेली, तिथे नववीचा वर्गच नसतो. 'आते नववीले कोठे जावानं?' असे आई विचारते, तेव्हा वर्गशिक्षक जवळच्या दोन-तीन हायस्कुलांची नावे सांगतात आणि तिथेच शाळेची जबाबदारी संपते.

आम्ही हे पत्र एकाच मागणीसाठी लिहीत आहोत. आपल्या ज्या शाळा सातवी-आठवीला थांबतात, त्यांतल्या पुरेशा पटाच्या शाळांना नववी-दहावी जोडा. जिथे ते शक्य नाही, तिथे आठवीचे प्रत्येक मूल नववीच्या हजेरीपटावर चढेपर्यंत त्याची जबाबदारी पालिकेने सोडू नये.

शाळा आठवीलाच का थांबते याचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची अनिवार्य कर्तव्ये आहेत. त्यांत प्राथमिक शिक्षण येते. त्यापुढचे शिक्षण कलम ६६ च्या ऐच्छिक कामांत मोडते. त्यामुळे खान्देशात हायस्कूल म्हटले की खासगी अनुदानित संस्था, हे गणित पक्के बसले. त्या संस्थांचे उपकार या भागावर मोठे आहेत. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांची काळजी वाहत होते. पण अनुदानित हायस्कुलात पाचवीपासूनची स्वतःची मुले असतात. नववीच्या तुकडीत आधी ती बसतात, पालिका शाळेतून आलेल्या मुलाला उरलेली जागा मिळते.

ऐच्छिक म्हणजे मनाई नव्हे. मुंबई आणि पुणे महापालिका स्वतःच्या माध्यमिक शाळा चालवतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तीन ते अठरा वर्षे वयाचा विचार एकत्र करते. प्रश्न इच्छेचा आणि तरतुदीचा आहे, आणि ही तरतूद वाटते तेवढी मोठी नाही. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

त्याआधी चौदाव्या वर्षी मुलाच्या हातून काय काय सुटते ते पाहा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे. मोफत पाठ्यपुस्तके आणि गणवेश आठवीपर्यंत. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. आणि बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला धोकादायक सोडून इतर कामांवर ठेवता येते. म्हणजे ज्या वर्षी शाळेचा आधार सुटतो, त्याच वर्षी कामाचे दार कायद्यानेच उघडते. जळगावच्या एमआयडीसीत चटई आणि पाइपचे कारखाने आहेत, दाल मिल आहेत. रावेर-यावलकडे केळीची लोडिंग चालते. गावोगावी कापूस वेचणी असते, आणि ती दिवाळीच्या आसपास येते. चौदा-पंधराच्या मुलाला यांतले कोणतेही काम दुसऱ्या दिवशी मिळते. मुलगी असेल तर धाकटी भावंडे, घरकाम आणि स्थळांच्या गोष्टी. वर्ग त्याच इमारतीत, त्याच वाटेवर असला, तर या सगळ्याला तोंड देण्याची ताकद घरात राहते. नव्या शाळेचा गणवेश, वह्या, संस्थेची वेगवेगळी वर्गणी आणि रोजची शेअर रिक्षा असा खर्च एकदम अंगावर आला की ती ताकद संपते.

जेवणाचे उदाहरण घ्या. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा हिशेब आहे. हेच मूल जूनमध्ये नववीत गेले की हे प्रमाण शून्य होते. वाढीची खरी भूक मात्र याच वयात लागते. नववी-दहावीची ३६-३६ मुलांची एकेक तुकडी धरली तर ७२ ताटे होतात. त्याला रोज १० किलो ८०० ग्रॅम तांदूळ, २ किलो १६० ग्रॅम डाळ, ५ किलो ४०० ग्रॅम भाजी आणि ५४० ग्रॅम तेल लागते. वर्षाचे २०० दिवस धरले तर तांदूळ साडेएकवीस क्विंटलच्या आसपास जातो. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी चूल पेटलेलीच असते, स्वयंपाकी ताई असतात, भांडी असतात. केंद्रीय अनुदान आठवीनंतर नाही, म्हणून हा शिधा पालिकेला स्वतःच्या अंदाजपत्रकातून घ्यावा लागेल. त्यासाठी वेगळे लेखाशीर्ष काढा. आठवीपर्यंतच्या साठ्यातून नववीला वाढणे हा मार्ग कधीही वापरू नका. साठा नोंदवहीत ताळा बसत नाही आणि चौकशीत बिचारा मुख्याध्यापक अडकतो.

आता मूल कागदावर कुठे हरवते ते सांगतो, कारण हे शोधायला एक रुपयाही लागत नाही. दाखला दिला की यू-डायस प्लस या केंद्राच्या विद्यार्थी-नोंदींच्या संगणक प्रणालीत त्या मुलाचे नाव आपल्या शाळेच्या पटावरून निघून 'ड्रॉपबॉक्स'मध्ये जाते. नवी शाळा त्याच्या पेन (कायमस्वरूपी विद्यार्थी) क्रमांकावरून त्याला आपल्याकडे ओढून घेते, तेव्हाच ते पुन्हा पटावर येते. मधल्या काळात ते कोणाचेच नसते. राज्याच्या सरल प्रणालीतही नवी शाळा विनंती पाठवते आणि जुन्या शाळेने ती मंजूर करायची असते. जुन्या शाळेतले लॉगिन सांभाळणारे गुरुजी जूनमध्ये बदलून गेलेले असतात, पासवर्ड कोणाकडे आहे ते माहीत नसते, विनंती पडून राहते. ३० सप्टेंबरचा पट संचमान्यतेला, म्हणजे शिक्षकांची पदे मंजूर करायला, धरला जातो, त्यामुळे तोवर मंजुरी झाली नाही तर नव्या शाळेचेही नुकसान होते. पुढच्या वर्षी ती शाळा बाहेरचे मूल घ्यायला आणखी कचरते.

म्हणून प्रत्येक पालिकेच्या शिक्षण विभागाने १६ जुलैला आपल्या सर्व शाळांची ड्रॉपबॉक्स यादी छापून घ्यावी. जूनमध्ये शाळा उघडून महिना झालेला असतो, खरोखर प्रवेश घेतलेली मुले बहुतेक पुढे सरकलेली असतात. जी नावे उरली, ती दोन प्रकारची असतात. काही मुले दुसरीकडे बसलेली असतात, फक्त संगणकावर ओढलेली नसतात. काही मुले कुठेच बसलेली नसतात. पहिल्या प्रकाराला मुख्याध्यापकाचा एक फोन पुरतो. दुसऱ्या प्रकारासाठी त्या वर्गाच्या शिक्षकाने घरी जायचे असते. यादी वॉर्डनुसार लावून त्या त्या नगरसेवकाच्या हातात द्या. मतदारयादी घेऊन ते घरोघरी जातातच, ही यादीही त्यांनी घेऊन जावी.

दाखल्याबद्दल एक जपण्याची गोष्ट. नाव, आडनाव, जन्मतारीख, जात यांत चूक असेल तर ती मूल शाळेत असतानाच, मुख्याध्यापकामार्फत प्रस्ताव देऊन दुरुस्त करावी. शाळा सोडल्यावर ही दुरुस्ती फार कठीण होते, आणि तीच चूक दहावीच्या फॉर्मवर, मग आयुष्यभराच्या कागदांवर चढते. आठवीच्या वर्गात दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात जनरल रजिस्टर, आधार कार्ड आणि जन्मदाखला शेजारी ठेवून प्रत्येक मुलाची नोंद पडताळा. ३६ मुलांना एका लिपिकाची दोन दुपार पुरे होतात.

याच टप्प्यावर गुणी मुलांचे पैसेही बुडतात. एनएमएमएस ही आठवीतली शिष्यवृत्ती परीक्षा आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९० गुणांचे दोन पेपर. सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये थेट खात्यात येतात. अट अशी की मूल शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत राहिले पाहिजे, आणि दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरून तो आधी शाळेने, मग जिल्ह्याने पडताळला पाहिजे. परीक्षेला मूल बसवले पालिका शाळेने, शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज मात्र नववीच्या नव्या शाळेने पडताळायचा. तिथल्या लिपिकाला हे मूल निवड यादीत आहे हेच ठाऊक नसते. मूल विनाअनुदानित शाळेत गेले तर शिष्यवृत्तीच जाते, आणि हे पालकांना कोणी आधी सांगत नाही. खात्याला आधार जोडलेले नसले तर मंजूर रक्कमही अडते. मागासवर्गीय मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आठवी ते दहावीला महिना १०० रुपये, दहा महिने, अशी मिळते. रक्कम लहान आहे, पण शाळा बदलली की तीही अशीच तुटते. नववी त्याच इमारतीत असली तर यातले काहीच तुटत नाही. तोच लिपिक, तेच रजिस्टर, तेच खाते.

आता वर्ग उघडायला काय लागते ते सांगतो. आधी पट. आपल्या आणि आजूबाजूच्या दोन-तीन पालिका शाळांतल्या आठवीच्या मुलांची गणना ऑक्टोबरमध्ये करा. एका तुकडीला तीसच्या वर मुले दिसत नसतील तर तिथे वर्ग उघडू नका. शेजारच्या शाळा एकत्र करून मध्यवर्ती इमारत निवडा. संचमान्यतेचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलल्यापासून कमी पटाच्या वर्गांना पदे मिळणे अवघड झाले आहे, आणि दोन वर्षांत बंद पडणारा वर्ग मुलांचे जास्त नुकसान करतो. उर्दू माध्यमाची गणना वेगळी करा. जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत उर्दू शाळांतल्या मुलींना घराजवळ नववी नसली तर त्यांचे शिक्षण तिथेच थांबते. त्यांना मराठी माध्यमाचे हायस्कूल दाखवणे हा उपाय नाही.

मग सभागृहाचा ठराव, इमारतीचा नकाशा, खोल्यांची मापे, पटाचा अंदाज आणि आर्थिक तरतुदीचे पत्र जोडून प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जातो. तिथून नाशिकचे शिक्षण उपसंचालक आणि पुढे शासन. नववी सुरू होताच दहावीसाठी नाशिक विभागीय मंडळाच्या मान्यतेचे आणि इंडेक्स क्रमांकाचे काम हाती घ्या. ते मागे पडले तर मुलांचे दहावीचे फॉर्म दुसऱ्या शाळेच्या नावाने भरावे लागतात आणि पालकांचा विश्वास उडतो. पहिल्या वर्षी फक्त नववी, दुसऱ्या वर्षी दहावी.

शिक्षकांचा हिशेब असा. एका तुकडीचे आठवड्याला साधारण ४८ तास. दोन तुकड्यांचे ९६. भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे तीन पदवीधर बी.एड. शिक्षक असतील तर प्रत्येकाला ३२ तास येतात. ओढाताण होते, पण चालते. इंग्रजीला चौथा माणूस मिळाला तर उत्तम. माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन महिना १८,००० रुपये आहे. तिघांचे वर्षाला ६ लाख ४८ हजार. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी लागू होते आणि खर्च बराच वाढतो, हे आजच अंदाजपत्रकाच्या टिपणीत लिहून ठेवा, म्हणजे चौथ्या वर्षी कोणी दचकणार नाही. प्राथमिक शिक्षकांच्या पगाराचा निम्मा भार महापालिकांवर आहे आणि पगार लांबतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही तासिका तत्त्वावर नववी-दहावी चालवू नका. तासिकेचा शिक्षक चांगली नोकरी लागली की डिसेंबरमध्ये निघून जातो आणि गणित-विज्ञान नेमके तिथेच अडते. आपल्याच प्राथमिक शिक्षकांत पदवी आणि बी.एड. झालेले अनेक जण आहेत. आधी त्यांची ज्येष्ठता यादी काढा.

खोल्या बहुतेक जुन्या इमारतींत आहेत. पट घटल्यापासून काहींत मोडकी बाके भरून कुलूप आहे. नववी, दहावी आणि प्रयोगशाळा अशा तीन खोल्या पुरतात. प्रयोगशाळेवर मात्र काटकसर करू नका. दहावीला विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. अनेक ठिकाणी ते २० गुण वही उतरवून घेऊन दिले जातात. मुले पास होतात, पण अकरावी विज्ञान किंवा आयटीआयला गेल्यावर साधी परीक्षानळी धरायला घाबरतात.

३६ मुलांचे चौघा-चौघांचे नऊ गट होतात. प्रत्येक गटाला परीक्षानळ्यांचा स्टँड, स्पिरिटचा दिवा, बहिर्गोल भिंग, काचेचा लोलक आणि काचेची आयताकृती वीट, अशा नऊ जोड्या. पाण्याचा नळ आणि बेसिन खोलीतच हवे, नाहीतर निम्मा तास बादल्या वाहण्यात जातो. रसायने थोडीच लागतात. लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवण्याचा प्रयोग घ्या. शंभर मिलीलिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद, प्रत्येक गटाला २० मिलीलिटर. नऊ गटांना १८ ग्रॅम लागतो, म्हणजे अर्ध्या किलोची बाटली पुढची कित्येक वर्षे पुरते. खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला हवा. गंजलेला किंवा जस्ताचा मुलामा असलेला खिळा टाकला की अपेक्षित परिणाम दिसत नाही आणि मुले पुस्तकातले उत्तर लिहून मोकळी होतात. वीस-पंचवीस मिनिटांत निळा रंग फिकट हिरवट होतो आणि खिळ्यावर तांबूस थर चढतो. चार पोरांची डोकी एका नळीवर वाकलेली असतात, त्या वेळी वर्गात शांत बसा म्हणावे लागत नाही.

पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते हे दाखवणाऱ्या होपच्या उपकरणाला दोन-अडीच किलो बर्फ आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके जाडे मीठ लागते. मीठ घातले नाही तर मिश्रण शून्याखाली जात नाही. तळाचा तापमापक ४ अंशांवर येऊन थांबतो आणि वरचा शून्याकडे उतरत राहतो, हे दिसायला पस्तीस मिनिटांचा एक तास पुरत नाही. सलग दोन तास द्या, आणि प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी घ्या. आपल्याकडे मार्चमध्ये खोलीच इतकी तापते की बर्फ भरेपर्यंत निम्मा वितळतो.

वर्ग सुरू झाला की पहिला धोका निकालाच्या भीतीचा असतो. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलाला नववीतच अडवायचे किंवा '१७ नंबरचा फॉर्म (शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) भर' म्हणून बाहेर काढायचे, हा प्रकार ठिकठिकाणी चालतो. पालिकेच्या शाळेत हे होऊ देऊ नका. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास फेरपरीक्षा आहे, त्यामुळे कोण कुठे कच्चे आहे हे आठवीतच कळते. नववीच्या बीजगणितात संचानंतर लगेच वास्तव संख्या आणि बहुपदी येतात. अपूर्णांकांची बेरीज आणि ऋण संख्यांची चिन्हे पक्की नसलेले मूल तिथे पहिल्याच महिन्यात हात टेकते. म्हणून जूनच्या मध्यापासून जुलैअखेर रोज एक तास फक्त तीन गोष्टींना द्या : अपूर्णांक, ऋण संख्या आणि मोठ्याने वाचन. साधारण पस्तीस तास होतात. पुस्तक उघडायला दीड महिना उशीर झाला म्हणून अधिकाऱ्यांनी शिक्षकाला नोटीस काढू नये, एवढे लेखी अभय द्या.

मुलींसाठी एक गोष्ट नववी उघडण्याआधीच तपासा. स्वच्छ विद्यालय अभियानाच्या निकषानुसार ४० मुलांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या लागतात. दाराला आतून कडी, आत नळाला पाणी आणि झाकणाची कचरापेटी हवी. कडी नसलेले शौचालय मुली वापरत नाहीत. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात चक्कर येऊन पडतात. पत्र्याच्या खोल्यांना एप्रिलआधी वरून पांढरा चुना द्या, दर वर्षी.

ज्या गावात वर्ग उघडण्याइतका पट नाही, तिथे जवळच्या अनुदानित हायस्कुलांशी फेब्रुवारीतच लेखी बोलणी करा. कोणत्या शाळेतली किती मुले कुठे जाणार हे नावानिशी ठरवा. मे महिन्यात पालकाच्या हातात दाखल्याबरोबर नववीच्या प्रवेशाची पावती पडली पाहिजे. वह्या, गणवेश आणि रिक्षाचा पहिल्या वर्षाचा खर्च पालिकेने उचलावा. त्या हायस्कुलांनाही विनंती आहे : पालिका शाळेतून आलेल्या मुलांची वेगळी तुकडी पाडू नका.

यंदाच्या अंदाजपत्रकात किमान एका इमारतीतल्या नववीसाठी शिक्षकांचे मानधन, ३६ ताटांचा शिधा, नऊ गटांची प्रयोगशाळा आणि शौचालयांची दुरुस्ती अशी चार लेखाशीर्षे दिसावीत, ही मागणी आहे. स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक ठेवण्याआधी शिक्षण विभागाने बैठक बोलवावी. पटाची गणना, संचमान्यतेचे तक्ते, रजिस्टर पडताळणी आणि प्रयोगांची सामान-यादी यांसाठी आमच्यातले निवृत्त लोक कोणत्याही शनिवारी येऊन विनामोबदला बसायला तयार आहेत.

आपले,
खान्देशातील निवृत्त मुख्याध्यापक, शिक्षक, शालेय लिपिक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे काही पालक सदस्य